आवाज चौकात, चित्र घरात

नवरा आपल्याबद्दल काय बोलला हे कळायला मैनाबाईंना अख्खा महिना थांबावं लागलं. एरवी तांडापेठेतल्या त्या विणकरांच्या गल्लीत कुणाच्या घरी कशाची फोडणी पडली हेसुद्धा दहा मिनिटांत चारी घरांना कळत असे.

झालं होतं असं. टीव्हीवाले हातमागाच्या कारागिरांवर कार्यक्रम करत गावोगाव फिरत होते, आणि करवती काठाची साडी विणणारे जे मोजके हात नागपुरात उरले होते त्यांत दोन मैनाबाईंच्या नवऱ्याचे, बाबनरावांचे होते. कॅमेरा घेऊन ते लोक आले, त्या दिवशी मैनाबाई नेमक्या उमरेडला, भाचीच्या बाळंतपणाला. परत आल्या तर कॅमेऱ्यामागे उभी राहून सगळं ऐकलेली शेजारची रुख्मिणी दारातच उभी.

"काकू, काकाजी तुमच्याबद्दल असं बोलले, असं बोलले, का माह्या तर डोयाले पाणी आलं."

"काय बोलले वं?"

"ते मी नाही सांगत. टीव्हीवरच आयका. सांगून टाकलं तर मजा काय राहिली?"

बाबनरावांना विचारण्यात अर्थ नव्हता. बत्तीस वर्षांच्या संसारात ते बायकोशी मुख्यतः दोनच शब्द बोलत आले होते, एक 'कांडी' आणि दुसरा 'चहा'. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातलं सूत संपत आलं की मागे न बघता हात पसरायचे, आणि मागे चरख्यावर बसलेल्या मैनाबाई त्या हातावर सूत भरलेली कांडी ठेवायच्या. तरी त्यांनी एकदा धीर करून विचारलं. बाबनराव म्हणाले, "मागाचं सांगतलं. कांडी दे." विषय तिथेच संपला.

त्यांचा मुलगा जागेश्वर हे सगळं बघत होता. तो माग सोडून कळमेश्वरला कारखान्यात फिटर म्हणून लागला होता आणि तेव्हापासून वायर, यंत्र, मोटर या विषयांत आपल्याला बरंच कळतं असा त्याचा समज झाला होता. गल्लीतला एकुलता एक टीव्ही त्यानेच आणलेला. लाकडी पेटीचा, पुढे सरकती दारं, आणि वर मैनाबाईंनी घातलेलं विणलेलं पांघरूण. रविवारी संध्याकाळी साडेसहाला कार्यक्रम दाखवणार असं टीव्हीवाल्यांचं कार्ड आलं, तेव्हा मैनाबाईंनी ते देवापाशी ठेवलं. ते जागेश्वरने बघितलं. मायला एक एक शब्द नीट ऐकू आला पाहिजे, असं त्याने मनाशी ठरवलं.

अडचण गर्दीची होती. पुढची खोली वीस माणसांची, गल्ली शंभर माणसांची, आणि टीव्हीचा आवाज इतका नाजूक की वीस जणांनी नुसता श्वास घेतला तरी दबून जाई. मग जागेश्वरला युक्ती सुचली. टीव्हीतला आवाज वेगळा काढायचा, वायरीने चौकात न्यायचा आणि भोंग्यावर सोडायचा. गल्ली चौकात ऐकेल, माय घरात निवांत बघेल आणि ऐकेल.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या नत्थूजींनी त्याला एक पिन जोडून दिली. "टीव्हीच्या मांगं एक भोक आहे. त्याच्यात हे घाल. आवाज वायरीतून बाहेर निंघते. काम झालं का हळूच काढून घे." एवढं सांगून ते चहा प्यायला गेले. पिन आत गेली की टीव्हीचं स्वतःचं तोंड बंद होतं, हे सांगायचं राहिलं. जागेश्वरनेही काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आपल्याला माहीत नाही हे नत्थूजींना कळलं असतं.

भोंगा लहानूचा. लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावणारा हा लहानू जागेश्वरचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने चौकातल्या कडुनिंबावर भोंगा बांधला आणि शनिवारी संध्याकाळी दोघांनी चाचणी घेतली. जागेश्वरने घरी टीव्ही लावला, पिन घातली आणि चौकाकडे धूम ठोकली. भोंग्यातून बातम्या खणखणीत ऐकू येत होत्या.

"येऊन राहिला ना बे आवाज," लहानू म्हणाला.

"मंग. फिटर आहो मी," जागेश्वर म्हणाला.

दोघेही चौकात, मैनाबाई विहिरीवर आणि बाबनराव मागावर. टीव्हीसमोर कोणीच नव्हतं, त्यामुळे चाचणी शंभर टक्के यशस्वी झाली.

एकच खोट निघाली. पिन भोकात जरा सैल बसत होती आणि वायरीच्या ओढीने निसटत होती. आता फिटरने इथे काय केलं असतं ते फिटर जाणोत, पण जागेश्वर अखेर विणकराचा पोरगा. त्या घरात सैल वस्तूवर एकच इलाज माहीत होता. चरख्याच्या चातीवर कांडी सैल झाली की सुताचे चार वेढे द्यायचे आणि वरून खळ लावायची, ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला कडकपणा यावा म्हणून भाताची लावतात ती. जागेश्वरने पिनेच्या बुडाला सुताचे वेढे दिले, मायच्या मडक्यातली खळ बोटाने चोपडली आणि पिन दाबून बसवली. रात्रभरात खळ वाळली.

रविवारी सहापासूनच खोली भरली. मैनाबाई ठेवणीतली करवती काठाची साडी नेसून सगळ्यांच्या पुढे, टीव्हीपासून दोन हातांवर बसल्या. बाबनराव मात्र मागच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून बसून राहिले. "मले काय पाहाचं? मी रोजच आहो," म्हणाले.

साडेसहाला जागेश्वरने दारं सरकवली. पडद्यावर ठिपके आले, मग चित्र आलं. कुठल्या तरी गावचा कुंभार चाक फिरवत होता. चाक फिरलं, मडकं झालं, कुंभार काहीतरी बोलला, हसला, आणि खोलीत कोणाला काही कळलं नाही.

"आवाज वाढव गा," मागून कोणी म्हणालं.

जागेश्वरने बटण फिरवलं. मग आणखी फिरवलं. मग शेवटपर्यंत फिरवलं. कुंभार मुकाच राहिला, पण चौकातला भोंगा असा गरजला की कडुनिंबाखालचं कुत्रं शेपूट घालून कोपऱ्यावरच्या पानठेल्याखाली शिरलं. गल्लीच्या वळणापलीकडून लहानूची हाक आली, "कमी कर बे, भोंगा फाटून राहिला." जागेश्वरने बटण उलटं फिरवलं, तशी घरात चौकातून शब्द न कळणारी नुसती भुणभुण येऊ लागली.

आता नत्थूजींना आठवण झाली. "अरे हो," ते बसल्या जागेवरून म्हणाले, "पिन आतमंदी असली का टीव्ही मुका राहते. काढ ते."

जागेश्वर टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या बोळात अंग चोरून घुसला. पिन ओढली. पिन हलली नाही. पीळ देऊन ओढली तर टीव्हीच सरकला.

"काय लावलं गा याले?" नत्थूजींनी वाकून बघितलं.

"खळ."

"कोणी केलेली?"

"मायनं."

"मंग नाही निंघत," नत्थूजी म्हणाले. मैनाबाईंच्या खळीचं सूत पेठेत कधी तुटलेलं नव्हतं. "अन् वायर तोडू नको हो. वायर तोडून टीव्ही बोलत नाही, वरतून चौकातलाही आवाज जाईन."

तेवढ्यात खिडकीतून कोणीतरी बातमी आणली की भोंग्यावर बाई म्हणते आहे, आता नागपूर. झालं, खोलीत चलबिचल सुरू झाली. चित्र बघावं की आवाज ऐकावा, असा पेच पडला, आणि रुख्मिणीने तो लगेच सोडवला. "काकाजीले तर रोजच पाहतो. बोलताना कधी आयकतो?" तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं. मिनिटभरात वीसच्या वीस माणसं चौकाकडे पळाली. नत्थूजीसुद्धा गेले.

मैनाबाईही उठल्या. पण बत्तीस वर्षं चरख्याशी बसून त्यांचे गुडघे गेलेले. दारापर्यंत जाऊन त्यांनी गल्लीच्या वळणाकडे बघितलं. तिथवर पोचेपर्यंत नागपूर संपून पुढचं गाव सुरू झालं असतं. त्या परत आल्या आणि खाली बसल्या.  त्यांचं ते परत येणं जागेश्वरला भिंतीच्या फटीत अडकल्या अडकल्या लागलं. एवढा खटाटोप जिच्यासाठी केला, तिच्याच वाट्याला मुका टीव्ही आला होता. त्याने डोळे मिटून पिन पुन्हा ओढली.

"अजी," मैनाबाईंनी मागच्या खोलीकडे बघून हाक मारली, "तुमी आले टीव्हीत."

मागाची खटखट थांबली. थोड्या वेळाने बाबनराव दाराशी येऊन उभे राहिले. जागेश्वरला टीव्हीच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं. कानांवर तेवढं येत होतं.

"काय बोलले होते तुमी त्या टीव्हीवाल्यायले?" मैनाबाईंनी विचारलं.

"मागाचं."

"बरं," मैनाबाई म्हणाल्या. 

 चौकातल्या भोंग्याची नुसती भुणभुण ऐकू येत होती. बाबनराव खाकरले. मग कोणीतरी जमिनीवर बसल्याचा आवाज आला.

"त्यायनं विचारलं, एका साडीले किती दिस लागते. मी म्हटलं, आठ-धा दिस. विचारलं, एकटेच विणता काय. म्हटलं, नाही." एवढं बोलून ते थांबले. "म्हटलं, माहं विणणं लोकायले दिसते. तिचं दिसत नाही. कांडी भरून आली तर धोटा चालते. बत्तीस वर्षं झाले, मी हात मांगं केला अन् हातात कांडी नाही आली, असं एक डाव झालं नाही. मांगं पलटून पाहाची गरजच नाही पडली मले. म्हटलं, साडीवर नाव माहं चालते, पण अर्धी साडी तिची आहे."

 मैनाबाईंनी पदराने नाक पुसल्याचा आवाज जागेश्वरला ओळखता आला.

"पलटून पाहाले पाह्यजे होतं एखाद डाव," बाबनराव म्हणाले. "हे त्यायले नाही सांगतलं. आता सांगून राहिलो."

भिंतीच्या फटीत जागेश्वरने पिनेवरचा हात काढला. बोळ अरुंद होता, डोळे पुसायला हात वर करता येत नव्हता.

थोड्या वेळाने बाबनराव उठून मागावर गेले, आणि चौकातून लहानू धापा टाकत आला. त्याने जागेश्वरला ओढून बाहेर काढलं आणि ओसरीवर नेऊन कानात सांगितलं, "काकाजीचा एक शब्द नाही बे. सगळा टाइम एक बाईच बोलत होती, हिंदीत. काकाजीचं बोलणं त्यायनं कापूनच टाकलं."

 म्हणजे पडद्यावर बाबा ते बोललेच नव्हते, आणि मायला वाटतं आहे की अख्ख्या देशाने ऐकलं. "मायले सांगू नको," तो लहानूला म्हणाला. पण लहानूचं तोंड बंद करून काय उपयोग? भोंगा शंभर माणसांनी ऐकला होता. त्यांतल्या पहिल्या पाच बाया रुख्मिणीला पुढे घालून ओसरी चढतच होत्या.

"काकू, लय वाईट वाटलं," रुख्मिणी म्हणाली. "काकाजी तर काईच नाही बोलले टीव्हीत."

जागेश्वरने मान खाली घातली. मैनाबाईंनी साडीचा पदर नीट केला.

"मले मालूम आहे," त्या म्हणाल्या. "टीव्हीत त्यायचं तोंड बंदच होतं. नुसते हात दिसून राहिले होते. मी समोरच तर बसली होती."

"मंग तुमाले काई आयकाले नाही भेटलं?"

"तुमी भोंग्यापाशी होत्या," मैनाबाई म्हणाल्या. "मी घरी होती."

 जागेश्वर अपराधी चेहऱ्याने पुढे आला. "माय, पिन काढाले उद्या टीव्ही नत्थूजीकडे नेतो."

"राहू दे आठ दिस," मैनाबाई म्हणाल्या आणि मागच्या खोलीत जाऊन चरख्यापाशी बसल्या. मागाची खटखट सुरूच होती. थोड्या वेळाने ती थांबली, बाबनरावांचा हात सवयीने मागे आला, आणि त्या हातावर त्यांनी मुद्दाम काहीच ठेवलं नाही.

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग बाबनरावांनी मागे वळून बघितलं.