रविवारचं जेवण शनिवारीच

माझ्या आयुष्यातल्या बहुतेक भानगडींची सुरुवात ‘बरं’ या शब्दानं झालेली आहे. लग्नाला बरं म्हणालो, अणदूरला घर बांधायला बरं म्हणालो आणि गेल्या आषाढात सुनेला बरं म्हणालो.

सून म्हणजे राजेश्वरी. गृहविज्ञानात बी.एस्सी. झालेली. सोलापूरच्या एका कॉलेजात पोषण आणि आहारशास्त्राचं एम.एस्सी. करायचं, हा तिचा जुना बेत. पहिल्या वर्षी फॉर्म भरला तर आमच्या योगीराजशी लग्न ठरलं. दुसऱ्या वर्षी भरला तर मुलाखतीच्याच दिवशी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. (मोतीबिंदू थांबायला तयार होता. मी थांबलो नाही.) पदवीनंतर तीन वर्षांच्या आत प्रवेश घेतला पाहिजे, असा त्या कॉलेजचा नियम. म्हणजे यंदाची संधी शेवटची. जागा बारा आणि अर्ज दीडशेच्या वर.

त्यात कॉलेजनं यंदा एक नवीन टूम काढलेली. घरातल्या साठीच्या पुढच्या एका माणसाचं सात दिवसांचं खाणं मोजून, तोलून, लिहून आणायचं. लिहायचं त्या माणसानं स्वतःच्या हातानं. आणि मुलाखतीला वहीसोबत माणूसही हजर करायचा.

राजेश्वरीनं आधी सासूला विचारलं. तसा रिवाजच आहे.

“माझ्या ताटात कुणी तराजू घालायचा न्हाय,” शिवकांता म्हणाली. “ह्यास्नी सांग. सगळा जलम लिहिण्यातच गेलाय. हातबी शिवशिवत आसंल.”

“मामा, लिहाल का?” राजेश्वरीनं मला विचारलं.

मी म्हणालो, “बरं.”

तिनं मला एक वही आणि स्वयंपाकघरातला छोटा काटा दिला. मोठ्या काट्यावर मला उभं करून वजन घेतलं. एक्याऐंशी किलो दोनशे ग्रॅम. मग समोर बसून म्हणाली, “मामा, एकच सांगते. जे खाल तेच लिहा. यात चांगलं-वाईट काही नसतं. फक्त खरं असलं पाहिजे. माझी अॅडमिशन याच्यावर आहे.”

“पोरी, नोंदी ठेवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली,” मी म्हणालो.

हे अगदी खरं होतं. तालुक्याच्या एका कचेरीत (नाव सांगत नाही, माझी पेन्शनची फाइल अजून तिथंच आहे) मी साहेबांच्या दौऱ्याची दैनंदिनी लिहीत असे. साहेब कुठं जाणार, काय पाहणार, पाहून काय सूचना देणार, हे सगळं मी महिन्याच्या एक तारखेला लिहून ठेवायचो. साहेबांनी फक्त सही करायची. दौऱ्यावर गेलंच पाहिजे असंही काही नव्हतं. साहेब नऊ बदलले, पण दैनंदिनीवर एकदाही शेरा पडला नाही.

सोमवारी सकाळी चहा मोजला. दुपारी भाकरी काट्यावर ठेवली, आकडा लिहिला, भाजीची वाटी ठेवली, आकडा लिहिला, वाटीचं वजन वजा केलं. तोवर भाकरी गार झाली. तेव्हा माझ्या मनात आलं, आपण काय खायचं हे तर डॉक्टरनं कधीच ठरवून दिलंय. मग रोज ही कवायत कशाला? दुपारची झोप बाजूला ठेवली आणि एका बैठकीत सातही दिवस भरून टाकले.

वही झाली मात्र देखणी. सकाळी सात दहाला चहा, बिनसाखरेचा, अर्धा कप. साडेबाराला ज्वारीची भाकरी एक, दोडक्याची भाजी, ताक. रात्री मुगाची खिचडी. रोज तेच दिसू नये म्हणून मंगळवारी दोडक्याच्या जागी कारलं घातलं. बुधवारी ‘अर्धी भाकरी शिल्लक’ असा बारकावा टाकला. मधे एकदा पेनही बदललं. रविवारच्या पानावर ‘जेवण हलके, झोप शांत’ असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि सही ठोकली. पुन्हा एकदा वाचून काढलं, तेव्हा मला माझ्याविषयी फार आदर वाटला. हा माणूस शंभरी गाठणार!

याचा एक फायदा असा, की नोंद पूर्ण झाल्यामुळं पुढं जे काही खाईन ते नोंदीच्या बाहेरचं झालं.

आणि दिवस आषाढाचे. आमच्याकडं आषाढात घरोघरी कढई चढते. मंगळवारी शिवकांतानं गुळाच्या कापण्या तळल्या आणि डबा माझ्या हाताला येईल अशा फळीवर ठेवला. बुधवारी माझा मित्र धनाजी यानं मला हायवेवर भजी खायला नेलं. गुरुवारी त्याच्याच शेतात आखाड होता. श्रावण लागला की खाणाऱ्यांचं तोंड बंद, म्हणून त्याआधी मटणाचा जो कार्यक्रम उरकतात, तो आखाड.

“भाऊसाब, येताय न्हवं?” धनाजीनं फोनवर विचारलं.

“माझा आहार चालू आहे, धनाजी.”

“मग हितं काय उपास हाय व्हय?”

मुद्दा बिनतोड होता. गेलो. किती खाल्लं ते सांगत नाही. (ते पुढं जाहीरपणे वाचून दाखवण्यात आलं.) संध्याकाळी घरी आल्यावर राजेश्वरीनं खिचडी वाढली. वहीत गुरुवारी खिचडी होती, म्हणून तीही खाल्ली. नोंदीशी बेइमानी करणं माझ्या स्वभावात नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजचा फोन आला. सोमवारी कसली तरी तपासणी समिती येणार होती, म्हणून मुलाखत उद्या, शनिवारीच. वही पाच दिवसांची असली तरी चालेल, म्हणाले. राजेश्वरीनं वही मागितली. मी ती छाती पुढं काढून दिली. तिनं न उघडता पिशवीत ठेवली.

शनिवारी सकाळी आम्ही एस.टी.नं निघालो. खिडकीतून गार वारा येत होता, मी प्रसन्न होतो. बोरामणी मागं पडलं आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं. आज शनिवार. वहीत आजचं रात्रीचं जेवण झालेलं होतं. उद्याचंही झालेलं होतं. उद्याची झोपसुद्धा झालेली होती.

“राजेश्वरी, वही दे जरा. एक बेरीज बघायची होती.”

“राहू द्या, मामा. मी बघितली.”

“शेवटची दोन पानं जरा...”

“मामा, पाणी पाहिजे का?”

पिशवी तिच्या मांडीवर होती आणि पिशवीवर तिचे दोन्ही हात. सोलापूर येईपर्यंत मी तीनदा पाणी प्यालो.

कॉलेजच्या व्हरांड्यात बाकांवर मुली बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या शेजारी एकेक म्हातारा नाहीतर म्हातारी. दवाखान्यात जशी आजारी जनावरं धरून आणलेली असतात, तसे आम्ही सगळे. माझं वजन केलं. ब्याऐंशी किलो नऊशे.

आत टेबलामागं दोघं होते. हर्षाली मॅडम आणि महांतेश सर. मॅडमनी वही उघडली.

“अक्षर सुंदर आहे हो, आजोबा.”

“सेवेत होतो,” मी म्हणालो.

“दिवसाला साधारण नऊशे कॅलरी. म्हणजे फारच कमी. आणि पाच दिवसांत वजन पावणेदोन किलो वाढलं?”

“हवा मानवते मला.”

“अणदूरची?” महांतेश सरांनी विचारलं. “मी तिकडचाच. मला नाही मानवली कधी.”

मॅडमनी पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. मग चष्मा वर करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

“रविवार, रात्री आठ. खिचडी एकशे पन्नास ग्रॅम. जेवण हलके, झोप शांत.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “कुठला रविवार, आजोबा?”

“येणारा,” मी म्हणालो.

मी राजेश्वरीकडं पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती. पहिल्या वर्षी लग्न आडवं आलं, ते जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी मी आडवा आलो आणि तिसऱ्या वर्षीही मीच. बत्तीस वर्षांत साहेबांसमोर जे केलं नव्हतं, ते मी केलं. उठून उभा राहिलो.

“मॅडम, हे सगळं मी सोमवारीच बसून लिहिलंय. हिला यातलं काही माहीत नाही. हिनं मला खरं लिहा म्हणून बजावलं होतं. शेरा मारायचा तर माझ्यावर मारा, पोरीचं वर्ष घालवू नका.”

“बसा हो, आजोबा,” महांतेश सर म्हणाले. “उद्या तुम्हाला शांत झोप लागणार आहे, हे तर लेखी आहे. मग काळजी कशाला?”

“सर, मला माहीत होतं,” राजेश्वरी म्हणाली.

मी बसता बसता थांबलो.

“कधीपासून?” मॅडमनी विचारलं.

“सोमवारी दुपारपासून. मामा झोपले नाहीत. लग्नाला दोन वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं.” तिनं पिशवीतून दुसरी वही काढली. “म्हणून मग मी ही ठेवली.”

“वाच,” मॅडम म्हणाल्या.

राजेश्वरी वाचायला लागली. दार उघडंच होतं.

“मंगळवार. कापण्या, सतरा. उभ्यानं. सासूबाईंनी सकाळी डब्यात मोजून ठेवल्या होत्या.” (म्हणजे त्या फळीवर डबा उगाच आला नव्हता!) “बुधवार. कांदाभजी, दोन प्लेट. एक स्वतःची, एक धनाजीकाकांची. गाडीवाल्याला विचारून. गुरुवार. मटण, अंदाजे चारशे ग्रॅम, रस्सा सहा वाट्या, भाकरी चार, नळ्या तीन. ही माहिती धनाजीकाकांच्या हरणाकाकूंनी फोनवर दिली, वाढायला त्याच होत्या. घरी आल्यावर मुगाची खिचडी, दीडशे ग्रॅम.”

“खिचडी पण?” व्हरांड्यातून कुठलीशी आजी ओरडली. “आगं बया!”

बाहेर हशा पिकला. महांतेश सरांनी तोंडाला रुमाल लावला.

“आणि सासऱ्यांना तू काही बोलली का नाहीस?” मॅडमनी विचारलं.

“बोलले असते तर त्यांनी दुसरी वही पण आधीच भरली असती.”

मग ती जरा सावरून बसली. “मॅडम, मामांची वही खोटी आहे, पण निरुपयोगी नाही. काय खायला पाहिजे हे त्यांना ग्रॅममध्ये पाठ आहे, हे तिच्यावरून कळतं. मग त्यांना पुन्हा तेच शिकवून काय उपयोग? त्यांचा डबा कुठल्या फळीवर ठेवायचा, धनाजीकाकांना काय सांगायचं, काम तिथं आहे.”

मॅडम दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून बघत राहिल्या. “सकाळपासून आमच्यासमोर अकरा आजोबा येऊन गेले,” त्या सरांना म्हणाल्या. “अकराही जण एकच भाकरी खातात.”

परतीच्या गाडीत बोरामणी येईपर्यंत मी तिची वही मनातल्या मनात पुन्हा तपासली. मग म्हणालो, “नळ्या दोनच होत्या.”

“हरणाकाकू तीन म्हणाल्या, मामा.”

“तिसरी धनाजीनं बळंच वाढली.”

“पण खाल्ली ना?” असं म्हणून ती इतकी हसली, की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं.

आठ दिवसांनी यादी लागली. बारा जणींत राजेश्वरी चौथी. शिवकांतानं गल्लीत पेढे वाटले. मला अर्धा दिला, तोही तोलून. माझी वही कॉलेजनं ठेवून घेतली, असं कळलं, तेव्हा मला जरा बरंच वाटलं. इतकी वर्षं लिहिलं, पण कुणी माझं लिहिलेलं जपून ठेवल्याचं ऐकिवात नव्हतं.

आता कॉलेज सुरू झालंय. मॅडमनी वर्गातल्या सगळ्या मुलींना पहिलं प्रात्यक्षिक दिलंय ते माझ्यावर. रोज संध्याकाळी एकेकीचा फोन येतो. पहिल्या दिवशी अर्पिता नावाच्या मुलीचा आला. मी घसा साफ केला, चष्मा लावला, खुर्चीत ताठ बसलो.

“नमस्कार, आजोबा. आज दिवसभरात काय काय खाल्लं, त्याची नोंद घ्यायची होती.”

“लिहून घे,” मी म्हणालो. “सकाळी सात दहाला...”

“थांबा, थांबा, आजोबा,” ती घाईघाईनं म्हणाली. “तुम्ही नका सांगू. मॅडमनी सांगितलंय, फोन आजींकडं द्या.”