बेचाळीस पायांचं मेंडिंग

लहानूचा हात लागला आणि वस्तू बिघडली, असं आजवर झालं नव्हतं! निदान तो तरी तसं सांगायचा. भिवंडीच्या एका कारखान्यात त्याने चौतीस वर्षं मेंडिंग केलं. म्हणजे लूमवरून उतरलेल्या कापडातले तुटके धागे भिंग लावून चिमट्याने जुळवायचे. आता रिटायर झाला होता, पण हात काही स्वस्थ बसत नव्हते.

त्याची लेक संघरत्ना पीएचडी करत होती. दोन वर्षं वज्रेश्वरीच्या बाजूला ऊन-पाऊस न बघता हिंडून तिने बेचाळीस पिवळी फुलपाखरं जमवली होती.

"सगळी एकसारखीच तर हायत गं!" लहानू म्हणाला होता.

"दिसतात एकसारखी, पण प्रजाती दोन असतील, बाबा. पंखाखालच्या ठिपक्यांवरून ओळखावं, तर ठिपके ऋतूप्रमाणे बदलतात. पुण्याच्या लॅबमध्ये डीएनए तपासला की खरं काय ते कळेल."

लहानूला निम्मं कळलं, अभिमान मात्र पुरेपूर वाटला.

शनिवारी संघरत्ना कॉलेजला गेली. लहानूने धूळ पुसायला म्हणून फुलपाखरांचा डबा उघडला आणि त्याच्या काळजात चर्र झालं. एकूण एक फुलपाखरू लंगडं! प्रत्येकाला पाचच पाय. शेजारी छोट्या बाटल्यांची रांग, आणि प्रत्येक बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवलेला एकेक पाय.

पकडताना तुटले असणार. बिचारीने जपून ठेवले, पण बापाला सांगायला लाजली. आणि हा असला डबा ती उद्या पुण्याच्या मोठ्या लोकांपुढे ठेवणार? बाप मेंडर असताना?

"अहो, ती आल्यावर बघा ना," त्याची बायको शांताबाई म्हणाली.

"खराबी दिसली की मी थांबत न्हाय!"

लहानूने सगळे पाय ताटात ओतून वाळवले. बाटल्यांवर नंबर होते, पण कापड कुणी चिठ्ठी वाचून जुळवतं का? शेड बघायची, लांबी बघायची, गोंदाचा कण टेकवायचा. दुपारचं जेवण राहिलं, मान धरली, पण संध्याकाळपर्यंत बेचाळीसही फुलपाखरं धडधाकट झाली.

संघरत्नाने दारात चप्पल काढली, तोच तो डबा घेऊन पुढे झाला. "बाय, बघ!"

तिची नजर रिकाम्या बाटल्यांवर गेली. ती होती तिथेच खाली बसली.

"बाबा, ते पाय मी काढले होते. डीएनएसाठी. उद्या सकाळी ते पुण्याला जायचे होते. आता कुणाचा पाय कुणाला लागलाय?"

लहानूच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीची दोन वर्षं त्याने एका दिवसात गोंदात बुडवली होती. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. पण ती एकेक रिकामी बाटली उचलून तिच्यावरचा नंबर वाचत होती, आणि तेच त्याला सोसवेना.

"बाय, माझं चुकलं," तो कसाबसा म्हणाला.

मग एकाएकी ती उठली. "थांबा! पाच पाय तर ज्याचे त्यालाच आहेत ना? त्यांतला एकेक काढते. फुलपाखराला टोचलेल्या टाचणीवर त्याच्या नंबरची चिठ्ठी आहेच. तुम्ही लावलेला पाय तेवढा दाखवा."

लहानूच्या जिवात जीव आला. त्याने भिंग लावलं. पहिलं फुलपाखरू उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. दुसरं पाहिलं. सातव्याला भिंग पुसलं. बाराव्याला घाम पुसला.

"बाबा, कुठला?"

"बाय..." लहानूने मान खाली घातली, "दिसण्यासारखा असता, तर मी तो तसा सोडलाच नसता."

शांताबाईने कपाळाला हात लावला. संघरत्ना रडता रडता हसायला लागली.

"मग प्रत्येकाचे दोन काढायचे. दोन्हींचा डीएनए जुळला तर ठीक, नाही जुळला तर तिसरा." तिने चिमटा त्याच्यापुढे धरला. "बसा. तुम्हीच काढा."

लहानू निमूटपणे बसला. पहिला पाय चिमट्यात धरला आणि घुटमळला.

"बाय, ह्ये मग परत लावायचे न्हायत ना?"