अविनाशचा डावा खांदा

शनिवारी दुपारी आमच्या घराजवळच्या ओव्हल मैदानावर गेलात, तर कपाटाएवढे पाच ऑस्ट्रेलियन पुरुष कमरेत वाकून ओळीने उभे दिसतील, आणि त्यांच्या पाठीमागून एक किडकिडीत मराठी माणूस घसा ताणून "थालीपीठ, थालीपीठ, हट" असं ओरडताना ऐकू येईल.

घाबरू नका. तो अविनाश सबनीस. वय चव्वेचाळीस, राहणार ग्लेन वेव्हर्ली, आमच्यापासून तिसरं घर. पोटासाठी एका कंपनीचे डेटाबेस सांभाळतो आणि हौस म्हणून अमेरिकन फुटबॉल खेळतो. इथे त्या खेळाला ग्रिडायर्न म्हणतात. म्हणजे म्हणणारे फार नाहीतच, कारण या शहराला स्वतःच्या फुटीपलीकडे, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलपलीकडे, काही दिसत नाही. आपल्या लोकांना तर तेही कळत नाही. इथल्या मराठी मंडळात त्याला दरवर्षी कुणीतरी विचारतं, "काय रे, गोल किती मारलेस?" तो शांतपणे "दोन" म्हणतो. या खेळात तसले गोल नसतात.

हा त्या संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, तो कुणाकडे फेकायचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि समोरच्या धिप्पाड मंडळींनी तेवढ्यात त्याला आडवा करायचा. क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात फुकट सॉसेज मिळतंय म्हणून एका स्टॉलपाशी उभा राहिला आणि खाऊन होईपर्यंत क्लबचा मेंबर झाला होता. त्याला वीस वर्षं होऊन गेली. पोरं येतात, लग्नं करतात, गुडघे मोडून घेतात, जातात. हा आहे तिथेच.

समोरच्यांना आपले डाव कळू नयेत म्हणून त्याने सगळ्या डावांना आपल्या खाण्याची नावं दिली आहेत. पोहे म्हणजे जवळची फेक, झटपट होणारी. थालीपीठ म्हणजे लांबची. साबुदाणा म्हणजे फेकाफेकी नाही, चेंडू घेऊन सरळ पळायचं. पुरणपोळी फक्त मॅच हातची जायला लागली की, कारण तिला वेळ लागतो आणि मध्येच फाटायची भीती. डॅरेन नावाचा त्यांचा कोच मला एकदा गंभीरपणे विचारत होता की पुरणपोळीच्या वेळी डावीकडून माणूस वाढवला तर चालेल का. मी म्हटलं, तुपाशिवाय काहीही चालेल.

मी वृषाली, फिजिओथेरपिस्ट. अविनाश मला डॉक्टरीणबाई म्हणतो, मी डॉक्टर नाही हे शंभरदा सांगूनही. अशा माणसाला तपासणं म्हणजे डोक्याला ताप. त्याचं एकच पालुपद, "काही नाही गं, धरलंय नुसतं." पाठ दुखली, धरलीय नुसती. गराजचं दार बंद पडलं, धरलंय नुसतं. त्याची पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, अडकली होती तेव्हा दीड वर्ष तीही नुसती धरलेलीच होती. दुखणं दहापैकी किती, म्हणून विचारलं तर उत्तर दोन. मी खांद्यात अंगठा रुतवला, याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी दोन.

क्लिनिकमधला बर्फाचा पॅक न्यायला तयार नाही. मटारची पिशवी खांद्यावर ठेवतो. का, तर पॅकचा नंतर पुलाव होत नाही. त्याच्या फ्रीझरमध्ये मटारच्या दोन पिशव्या आहेत, एकीवर मार्करने 'खांदा' लिहिलंय आणि दुसरीवर 'मानसी'. खांद्याची तो स्वतः खातो.

मानसी त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी तिला स्ट्रोक आला. माहेर माझ्यासारखंच ठाण्याचं, म्हणून माझी जरा जास्तच जवळची, आणि मंडळाच्या नाटकात प्रॉम्प्टर विंगेत बसवायची सोय नाही म्हणून अख्ख्या नाटकाचे संवाद पाठ करणारी बाई. आता तिची उजवी बाजू गेली आहे आणि शब्द गेले आहेत. समजतं सगळं. ती व्हीलचेअरमध्ये असते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, परत पलंगावर, असं दिवसातून सात-आठ वेळा तिला हलवावं लागतं. त्यासाठी सरकारी योजनेतून उचलायचं मशीन मिळालं होतं, व्हॅनमधून उतरताना मी स्वतः पाहिलं होतं. त्यामुळे त्या बाबतीत मी निर्धास्त होते.

यंदा जुलैमध्ये अविनाशचा डावा खांदा गेला. 'टॅकलमध्ये पडलो, आडवा केला एकाने' म्हणाला. स्कॅनमध्ये खांद्याचा एक स्नायू हाडाशी जोडला जातो तिथे अर्ध्याहून जास्त फाटलेला. ऑगस्टअखेरच्या शनिवारी सीझनची शेवटची मॅच. डॅरेनने त्याला सांगून ठेवलं होतं, खेळायला फिट आहेस असं वृषालीचं पत्र आण, नाहीतर बाकावर बस. हा रोज माझ्या दारात.

"लिही ना गं दोन ओळी. फेकतो तर उजव्या हाताने."

"आणि एखादा रेडा त्या डाव्या खांद्यावर पडला म्हणजे? उरलेलं तुटेल. मग ऑपरेशन, सहा महिने हात गळ्यात. मशीन असलं तरी मानसीला कूस बदलून द्यायला, कपडे चढवायला दोन हात लागतात. कोण करणार?"

"धरलंय नुसतं."

"तुझं डोकं धरलंय," मी म्हटलं.

बुधवारी डॅरेनचा फोन आला. मी त्याला सांगितलं की अवघड आहे, टॅकलमध्ये फारच जोरात पडलाय. तो म्हणाला, "कुठला टॅकल, मेट? या अख्ख्या सीझनमध्ये त्याला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. आमची पोरं त्याला लावू देत नाहीत."

मी फोन ठेवला आणि माझा पारा चढला. आपल्या माणसाने आपल्याशीच खोटं बोलावं याचा मला भयंकर राग येतो. गुरुवारी क्लिनिकमधून लवकर निघाले आणि चारच्या सुमारास तडक त्याच्या घरी गेले. पत्र तर देणार नव्हतेच, वर चार शब्द सुनावणार होते. मागचं दार उघडं होतं. हाक मारणार, तेवढ्यात आतलं दिसलं.

मानसी पलंगाच्या कडेला बसलेली. हा तिच्या समोर गुडघ्यात वाकून उभा. तिचा डावा हात त्याच्या मानेभोवती, उजवा नुसता लोंबता. तो म्हणाला, "एक, दोन, चल," आणि तिला अंगावर घेऊन उठला. समोरासमोर उभं राहिलं की तिची उजवी बाजू याच्या डावीकडे येते. जी बाजू काहीच करत नाही, तिचा सगळा भार त्या डाव्या खांद्यावर. खुर्ची दोन पावलांवर होती. त्या दोन पावलांत त्याचा चेहरा असा झाला, की मी माझ्या धंद्यात तसले चेहरे पुष्कळ पाहिले आहेत, त्यांना कुणी दोन आकडा देत नाही. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं, त्यामुळे तिला तो चेहरा दिसत नव्हता. तिला ठेवल्यावर तो हसून म्हणाला, "थालीपीठ टाकू आता? खायचं गं, फेकायचं नाही."

मग त्याला मी दिसले.

स्वयंपाकघरात आम्ही उभे राहिलो. मी विचारलं, "मशीन कुठाय?"

"गराजमध्ये. खोक्यात."

"तीन वर्षं?"

"चारदा लावलं गं. त्या झोळीत बसवून वर उचललं की ती ओरडते. शब्द नाहीत ना, नुसता आवाज येतो. शेजारची बाई बघायला आली होती. मला नाही जमत ते ऐकायला."

"आणि दुपारी मदतीला येते ती केअरर?"

"तिला हाताने उचलायची परवानगी नाही. नियम आहे. ती यायच्या आधी मी खुर्चीत बसवून ठेवतो. तिला वाटतं मशीनने बसवलं."

"मग फुटबॉलचं नाव का पुढे केलंस?"

त्याने सिंकमधलं भांडं घासायला घेतलं. "मंगळवारी योजनेची बाई येतेय. घरी नीट होतंय का बघायला. खेळताना खांदा गेला म्हटलं तर काय, स्पोर्ट्स इंज्युरी. या देशात त्याला कुणी काही म्हणत नाही, उलट पाठ थोपटतात, तात्पुरती मदत देतात. पण बायकोला उचलताना गेला म्हटलं, तर मी तिला सांभाळायला लायक नाही. मग तिला हलवतील. डँडिनॉंगच्या पुढे वृद्धाश्रमासारखी एक जागा आहे म्हणे. सगळे ऐंशीच्या वरचे. मानसी बेचाळीसची आहे, वृषाली. तिच्याशी मराठीत कोण बोलेल तिथे?" मग म्हणाला, "म्हणून शनिवारी खेळायला हवं. चारचौघांसमोर एकदा पडायला हवं मला."

मला रडू आलं. तेही रागाचं आलं असं मी त्या वेळी ठरवून टाकलं.

"नाही खेळायचं," मी म्हटलं. "पत्र मिळणार नाही. मशीन बाहेर काढ."

"ती ओरडेल."

"तिला नाही बसवत. तू बस."

त्याने माझ्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं. पण खोकं आलं. मशीन जोडायला अर्धा तास गेला. ते बेडरूममध्ये आणलं आणि मानसीची खुर्ची मी समोर वळवली. तिने मशीन पाहिलं आणि तिचा श्वास जोरात चालू झाला. मी म्हटलं, "तू नाही गं, आज याची पाळी." झोळी पलंगावर पसरली, अविनाशला तिच्यावर बसवला, पट्टे मांड्यांखालून घेऊन हुकात अडकवले. हात छातीशी घ्यायला सांगितले. डावा आपोआप उजव्याच्या कुशीत गेला. मी रिमोटचं बटण दाबलं.

मोटर घरघरली आणि तो हळूहळू वर गेला. पलंग सुटला. गुडघे छातीशी आलेले, पाय हवेत, मोजे दोन वेगळ्या रंगांचे. थोडासा झोका घेऊन तो थांबला. मानसी बघत होती. हसली वगैरे नाही. नुसती टक लावून बघत होती, पण श्वास खाली बसला होता.

"बघ," मी तिला म्हटलं, "पडत नाही. आता उतरवते याला." आणि खालचं बटण शोधायला लागले.

"थांब," अविनाश म्हणाला.

मला वाटलं पट्टा रुतला. वर पाहिलं. त्याने डोळे मिटले होते. मान मागे, झोळीवर टेकलेली. दोन्ही खांदे सैल सुटले होते. जुलैपासून मी ते रोज दाबत होते, माझ्या हाताखाली ते एकदाही असे सुटले नव्हते.

"एवढ्यात नको गं खाली घेऊस," तो म्हणाला. "जरा राहू दे."

मानसीने तिचा चालणारा हात पुढे केला. पोहोचत नव्हता, म्हणून मी खुर्ची थोडी सरकवली. तिने त्याचं पाऊल धरलं. मी रिमोट पलंगावर ठेवला आणि खाली बसले.