अप्पारावांचे गुडघे आणि भूतान

भूतानला निघालेल्या माणसाला भूतानची माहिती असू नये, असं 'घरपण यात्रा' कंपनीचं अधिकृत धोरण होतं. माहिती झाली की प्रवासी प्रश्न विचारतो आणि बस खोळंबते. म्हणून औरंगपुऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात भरलेल्या प्रस्थानपूर्व मार्गदर्शन सभेत कंपनीचे मालक बद्रीनाथशेठ मुख्यतः शेंगदाण्याच्या चटणीविषयी बोलत होते.

"देश छोटा आहे, सुंदर आहे, पण घाबरायचं कारण नाही," त्यांनी धीर दिला. "आचारी आपला, ज्वारीचं पीठ आपलं. घर सोडलंय असं तुम्हाला एक क्षणही वाटणार नाही. ही आपली हमी!"

टाळ्या झाल्या. फक्त अप्पाराव उभे राहिले. मूळचे पिशोरचे, पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने, सुरेखाने, त्यांचा सदरा ओढून पाहिला.

"शेठ, तिथल्या नदीचा तळ दिसतो म्हणं. व्हय का?"

"दिसतो ना. बसच्या डाव्या खिडकीतून."

"खाली उतरायला भेटंल का? मी जन्मभर गढूळ पाणी सोडलं हो लोकांना. तळ दिसणाऱ्या पाण्यात एकदा पाय घालायचाय."

"गुडघे चांगले असतील तर भेटेल," शेठ म्हणाले आणि पुन्हा चटणीकडे वळले.

मग प्रकृतीची चौकशी करणारे कागद वाटले गेले. अप्पारावांनी 'गुडघे' या रकान्यापुढे 'नाजूक' असं ठळक अक्षरात लिहिलं.

"अण्णा, रोज हिमायतबागेत चालता तुम्ही!" सुरेखा वडिलांना म्हणाली.

"हळू बोल. नाजूक लिहिलं की पुढचं शीट भेटतं. तिथं गेल्यावर बरे झाले म्हणून सांगू. हवापालट म्हणतात ते कशाला असतं?"

सुरेखाला हसू आवरेना. येताना त्यांनी लोकरीचे पायमोजे घेतले, नदीतून निघाल्यावर घालायला, आणि दुकानदाराशी रंगावरून वाद घातला. त्या दिवशी याहून विशेष काही घडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिचा चहा गाळून होईपर्यंत, अप्पाराव नव्हते.

नातेवाइकांना चुलत्यांनी कळवलं. कंपनीला मात्र सुरेखालाच फोन करावा लागला. "ते येऊ शकणार नाहीत," ती म्हणाली. बद्रीनाथशेठ जाणते होते. काय ते समजले.

"फार वाईट झालं, ताई. पण आमची अडचण समजून घ्या. शिधा भरलाय. एक पोट कमी झालं की आचाऱ्याचा अंदाज चुकतो. तुम्हीच या त्यांच्या जागी."

"माझ्या नावावर?"

"परवाना तुमच्या नावावर काढू. सरकारला माणूस लागतो. आपल्या बसची यादी मात्र पक्की झाली. शहराचं नाव बदलता येतं, ताई. यादीतलं नाही."

भेटायला येणाऱ्यांनी अशा काळात जाऊ नये असं सांगितलं. गेलीसच तर काय न्यावं, तेही सांगितलं. सुरेखा गेली. कारण एकच: ती नदी.

स्टेशनवर हजेरी झाली. "अप्पाराव!" शेठनी पुकारलं. त्यांनी पुन्हा पुकारलं. शेजारी उभ्या असलेल्या सहप्रवासी कडूबाईंनी सुरेखाला कोपराने ढोसलं. "अगं बाई, व्हय म्हण की! नायतर हा माणूस गाडी सोडंल, पण नाव सोडायचा नाय."

"हजर," सुरेखा म्हणाली.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. अप्पारावांना मधुमेह होता, म्हणून सुरेखाला बिनसाखरेचा चहा मिळू लागला. अप्पारावांची खोली शिवराजराव नावाच्या प्रवाशाबरोबर होती. शिवराजरावांच्या पत्नीने फोनवरून तीव्र हरकत घेतल्यावर कंपनीने 'अपवाद म्हणून' सुरेखाला कडूबाईंच्या खोलीत टाकलं. भूतानमध्ये पोचल्याच्या संध्याकाळी सर्वांत ज्येष्ठ पुरुष प्रवासी म्हणून तिला शाल आणि नारळ देण्यात आला. टाळ्या मनापासून होत्या.

देश खरंच सुंदर होता, असं बसच्या काचेतून वाटत होतं. कडूबाईंनी पडदा ओढून घेतला. "डोंगर काय, आपल्याकडं बी हायेत. दौलताबाद काय लई बुटकं हाय का?" किल्ल्यासारख्या भव्य मठापाशी मंडळींनी वाहनतळावरच पिठलं-भाकरी खाऊन घेतली, कारण आत गेलं असतं तर पिठलं गार झालं असतं.

हे कुणाला अतिशयोक्त वाटत असेल, तर त्यांनी उठून आपल्या दारावरची पाटी वाचून यावी. वीजबिल कुणाच्या नावाने येतं तेही बघावं. मग पुढे वाचावं.

पारो गावाजवळ बस थांबली. खाली नदी होती. दगड न् दगड मोजावा इतकी स्वच्छ. कंपनीचा फलक घेऊन मंडळी फोटोसाठी उतरू लागली. सुरेखा दाराशी आली, तसा बद्रीनाथशेठनी हात आडवा केला.

"अप्पाराव, तुम्ही बसून घ्या. गुडघे नाजूक."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"तुमचे असतील. यादीतले नाहीत."

"जाऊ द्या की शेठ," मागून कडूबाई म्हणाल्या. "पोरगी हाय ती, दिसंना का तुमाला?"

"दिसतं ना, मावशी. पण उद्या गुडघ्याला काही झालं तर जबाबदार कोण?"

"कुणाच्या गुडघ्याला?"

"अप्पारावांच्या!"

कडूबाईंनी कपाळाला हात लावला. शेठ मात्र खरोखरच काळजीत होते. आवाज मऊ करून ते म्हणाले, "ताई, अप्पाराव नाहीत, असं तुम्ही मला कधी सांगितलंत का? रोज पुकारतो. रोज हजर असतात."

सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. आजवर 'तुमच्याकडचं ते झालं', 'तो प्रसंग', 'ते गेल्यावर' अशा आडवाटेनेच सगळे बोलत होते आणि त्यात सुरेखाचीही सोय होती. रोज सकाळी कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. ती हाक बंद पडावी असं तिला वाटलं नव्हतं.

तिने दाराचा दांडा धरला. खाली पाणी वाहत होतं.

"माझे वडील वारले," ती म्हणाली. "वारले ते. दार सोडा, मला पाण्यात जायचंय."