टिटवीने पाय खाली टेकले

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं, आणि तळ्याकाठी एका टिटवीला आठ दिवस झोप येत नव्हती.

टिटवी कशी झोपते, माहीत आहे ना? उताणी, पाय वर करून. आभाळ पडलंच तर झेलायला. रात्री तर हे करायचंच, पण दुपारी सगळं तळं पेंगतं तेव्हाही करायचं. हे काम तिच्याकडे सासूबाईंकडून आलं होतं, सासूबाईंकडे त्यांच्या सासूबाईंकडून. आभाळ आजवर पडलेलं नव्हतं, म्हणजे पद्धत बरोबर असणार.

तेव्हा आभाळाची काळजी तिच्या अंगवळणी पडलेली होती. ही काळजी नवी होती.

त्याचं असं झालं. टिटवी तळ्यावर धोक्याची सूचना द्यायची. कोल्हा दिसला की ओरडायचं, एवढंच काम. त्या बदल्यात काठावरचा ओला, किडेदार पट्टा तिचा. एक दिवस दरबारातून पत्रक आलं. यापुढे सूचना द्यायचं काम फक्त पदवीधरांना. इतरांनी पोळ्याच्या आत कुठेतरी प्रवेश घेतल्याचा कागद दाखवावा. नाहीतर पट्टा आणि काम दोन्ही बगळ्याला.

बगळा पदवीधर होता. त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, पण प्रमाणपत्र सगळ्यांनी पाहिलं होतं.

टिटवीही अडाणी नव्हती हं. दोन वर्षं कॉलेज झालं होतं तिचं. तिसऱ्या वर्षी अंडी झाली. तीन अंड्यांतून एक पिल्लू जगलं, ठिपका. आता कॉलेज सात डोंगर पलीकडे आणि ठिपक्याला पंख अजून फुटायचे होते. राहिला एकच मार्ग : घरबसल्या ऑनलाइन पदवी.

टिटवीला घरही नव्हतं म्हणा. चार खडे गोल मांडून त्यालाच ती घर म्हणायची. पण त्या खड्यांत रेंज चांगली यायची.

तिने एकदा फक्त चौकशी केली. एकदाच. तेव्हापासून त्या संस्थेच्या पोपटाचे रोज फोन.

"मॅडम, झाला का निर्णय? तीनच जागा उरल्यात."

"काल पण तीनच होत्या."

"बघा ना मॅडम, किती स्थिर संस्था आहे!"

"अहो, पण मला जमेल का? हे माझ्यासाठी आहे तरी का?"

"त्यासाठी आमची चाचणी आहे, मॅडम. दहा प्रश्न. फुकट."

टिटवीने चाचणी दिली. आपण स्वतःहून अभ्यासाला बसता का? नाही. आपल्याला रोज दोन तास निवांत मिळतात का? टिटवीला हसू आलं. नाही. हाती घेतलेलं काम आपण पूर्ण करता का? तिने मागे वळून अर्ध्या वाटेत आणून सोडलेल्या पाचव्या खड्याकडे पाहिलं. नाही.

निकाल आला : "अभिनंदन! ही पदवी खास आपल्यासाठीच आहे."

तिला शंका आली. तिने ठिपक्याला फोनवर हव्या तशा चोची मारू दिल्या. "अभिनंदन! ही पदवी खास आपल्यासाठीच आहे."

मग ती कासवकाकांकडे गेली. कासवकाका पत्राने बी.ए. करत होते. चाळीस वर्षं झाली, दुसऱ्या वर्षाला होते.

"काका, घेऊ का हो प्रवेश?"

"घे की पोरी. घाई कसली? आधी एखादं दशक विचार कर."

सासूबाई शेजारच्या खड्यांत राहायच्या. त्यांनी एकच विचारलं. "सूनबाई, तू पुस्तकात तोंड घालून बसलीस की आभाळ कोण धरायचं?"

"अहो आई, तासाभराचाच प्रश्न आहे."

"पडायला त्याला तासभर लागतो होय?"



शेवटी पोपटाने तोड काढली. एक नमुना परीक्षा द्या, मॅडम. बसून तर बघा. विषय : धोक्याची सूचना, तत्त्व आणि व्यवहार. वेळ : भर दुपारची. नियम तीन. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आवाज करायचा नाही. आणि कुणी पायांत चिठ्ठी लपवू नये म्हणून दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले दिसले पाहिजेत.

टिटवीने ठिपक्याला खड्यांत बसवलं. "इथून हलायचं नाही. आईची परीक्षा आहे."

"परीक्षेत काय करतात?"

"गप्प बसतात."

"तू?" ठिपका म्हणाला.

दुपार झाली. टिटवीने जन्मात पहिल्यांदा भर दुपारी दोन्ही पाय खाली टेकले.

आणि गंमत सांगू, बाळांनो? तिला बरं वाटलं. जमीन कोमट होती. कुणी काही मागत नव्हतं. समोर एक प्रश्न होता आणि तो फक्त तिला विचारलेला होता. दहा मिनिटं तिच्या डोक्यावर आभाळच नव्हतं. बरं वाटतंय हे लक्षात येताच तिला लगेच अपराधी वाटलं, पण ते तर रोजचंच.

प्रश्न सातवा. कोल्हा दिसल्यास सर्वप्रथम काय करावे? अ) ओरडावे. ब) वरिष्ठांना कळवावे. क) कोल्ह्याची बाजू ऐकून घ्यावी. ड) वरील सर्व.

ती 'ड'कडे झुकत होती, तेवढ्यात फोनच्या मागे करवंदीची जाळी हलली. जाळीतून एक नाक आलं, मग कोल्हा आला.

आणि ठिपका खड्यांत नव्हता. तो पाण्याकाठी उघड्यावर, चक्क उताणा पडला होता.

टिटवी ओरडली. पण लगेच नाही. आधी तिने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं. एक क्षण. तुम्ही डोळा मिटून उघडाल, तेवढाच.

मग मात्र ती अशी ओरडली की पेंगणारं तळं उभं राहिलं. हरणं उधळली, बदकं पाण्यात गेली, कासवकाकांनी त्या दशकात पहिल्यांदाच लगबगीने मान आत घेतली. ती कोल्ह्याच्या पुढ्यात जाऊन पडली, एक पंख मोडल्यासारखा लोंबवला आणि लंगडत निघाली. कोल्हा तिच्या मागे. ठिपक्यापासून लांब, आणखी लांब, पार टेकडीपर्यंत. तिथे तिने पंख झटकला आणि उडाली.

बगळा हे सगळं एका पायावर उभा राहून पाहत होता. त्याने नंतर अहवाल दिला म्हणे.

संध्याकाळी पोपटाचा फोन आला. "मॅडम, तुम्ही नापास. परीक्षार्थी जागेवरून हलली, परीक्षार्थी ओरडली, परीक्षार्थी एका कोल्ह्यासोबत निघून गेली."

"बरं झालं," टिटवी म्हणाली. "नाहीच घ्यायचा मला प्रवेश."

"पण तुमचं चित्रण आमच्या तज्ज्ञांना फार आवडलं, मॅडम! धडा चौथा म्हणून घेतलंय आम्ही. आदर्श सूचना."

टिटवी ताठ झाली. "मग मला शिकवायलाच घ्या की."

"शिकवायला पदवी लागते, मॅडम."

टिटवीने काठावरच्या ओल्या पट्ट्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "जागा किती उरल्यात?"

"तीन."

तिने प्रवेश घेतला. एक तरी धडा आपल्याला नक्की येतो, असा तिचा हिशेब. पोळ्याच्या आत कागद दरबारात गेला. पट्टा राहिला, काम राहिलं. बगळा दुसऱ्या तळ्यावर तज्ज्ञ म्हणून गेला.

आणि यथावकाश चौथा धडा आला. टिटवीने स्वतःला ओरडताना पाहिलं, लंगडताना पाहिलं, वहीत टिपणं काढली. खाली प्रश्न होता, दहा गुणांचा : 'धड्यातील टिटवीने ओरडण्यास एक क्षण उशीर का केला? सविस्तर लिहा.'

हा प्रश्न तिला पाठ होता. त्या दुपारपासून ती रोज तो स्वतःला विचारत होती. तिने तीन पानं लिहिली. दहापैकी दोन मिळाले. शेरा होता : 'उत्तर फार वैयक्तिक.'

तात्पर्य : अनुभव हाच खरा गुरू. फक्त त्याने वेळेवर प्रवेश घेतलेला असावा.

धड्याच्या शेवटी छापलेलं हे तात्पर्य टिटवीने ठिपक्याला वाचून दाखवलं. मग इतके दिवस विचारायचं राहिलेलं एकदाचं विचारलं. "ठिपक्या, मी हलू नको म्हटलं होतं ना? मग त्या दिवशी उघड्यावर उताणा कशाला पडला होतास?"

ठिपक्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कासवकाका घाईवाल्यांकडे पाहतात.

"तुझे पाय खाली होते ना, आई. मग आभाळ कोण धरणार? खड्यांत मला पाय नीट वर करता येईनात, म्हणून मी मोकळ्यावर गेलो." मग थोडा विचार करून तो म्हणाला, "पुढच्या परीक्षेलाही धरीन मी. फक्त कोल्हा आला तर पटकन ओरड. माझे पाय कामात असतात."