नारळ वर आला

बायको भागीरथा गेल्याचा फोन अकोल्याच्या दवाखान्यातून आला, तेव्हा देवमनच्या हातात पावाचा गरम पत्रा होता. त्याने पत्रा खाली ठेवला, एक पाव उलटा करून खालून भाजला का ते पाहिलं, आणि मग फोनवर म्हणाला, "बरं."

ती गेली हे त्याला खरं कळलं तिसऱ्या दिवशी. बेकरीतल्या चिनी मातीच्या बरणीतलं, पाव फुगवायचं खमीर उपाशी पडलं होतं. वर पाणी सुटलेलं, वास आंबट. भागीरथा त्याला रोज सकाळी मैदा-पाणी द्यायची आणि वरून बोलायची, "खा रे बाप्पा, आन् फुग!" देवमनने मैदा-पाणी दिलं. बोलायचं काय, ते मात्र सुचेना.

त्याला आता आठ महिने झाले. खमीर जगलं. सकाळी झाकण काढलं की बुडबुडे फुटायचे, आणि देवमनला वाटायचं, आत कोणीतरी हळूच पापड खाऊन राहिलं आहे. तो तिथेच उभा राहायचा. भट्टी तापून जायची, गिऱ्हाईक हाका मारून जायचं.

अशात मे महिन्यात बातमी आली, अन्न सुरक्षेच्या मॅडम पातूरच्या बेकऱ्या तपासत आहेत.

"येऊ दे!" देवमन गरजला. "माया बेकरीत झुरळबी पाय पुसून येते!"

"मामाजी, झुरळ येते असं त्यायले सांगू नका फक्त," सून प्रणाली म्हणाली. तिने दोन दिवस राबून डब्या-डब्याला चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. नाव, तयार केल्याची तारीख, वापरायची मुदत. मैदा झाला, साखर झाली, डालडा झाला. देवमन जरा वेळ एका जागी बसला असता, तर त्यालाही चिकटवली असती!

बरणीपाशी येऊन ती थांबली. "याची तारीख?"

"भागीरथेले माहीत."

प्रणालीने पेनाला टोपण लावलं.

"बिनतारखेचं सापडलं तर मॅडम फेकाले लावतीन, मामाजी."

तेवढ्यात दारात जीप थांबली.

देवमनच्या डोक्यात एकदम उजेड पडला. भट्टीजवळच्या फळीवर गणपतीचा फोटो होता, पुढे भागीरथेचा पितळी कलश. त्याने कलशातलं पाणी मोरीत ओतलं, बरणीतलं खमीर कलशात ओतलं, वर आंब्याची पानं लावली आणि नारळ ठेवला. कोणताही सरकारी माणूस देवाच्या कलशात हात घालत नाही! रिकामी बरणी त्याने मोरीत सारली.

रागिणी मॅडम आत आल्या. डोक्याला टोपी, हातात कागद. त्यांनी फ्रीज पाहिला, मोरी पाहिली, देवमनची नखं पाहिली. "छान ठेवलंय, काका."

देवमन लग्नातल्या नवरदेवासारखा लाजला.

पण बाहेर पारा पंचेचाळीसवर, आत भट्टी, आणि खमीर सकाळीच पोटभर जेवलेलं. टोस्ट घ्यायला आलेली शेजारची पार्वताबाई एकदम किंचाळली, "माय वं! नारळ हालून राहिला!"

सगळ्यांनी पाहिलं. नारळ खरंच हळूहळू वर येत होता. झोपेतून उठणाऱ्या माणसासारखा, जरा इकडे, जरा तिकडे.

"भागीरथा आली!" पार्वताबाईने हात जोडले.

पाच मिनिटांत गल्ली आत! कोणी फुलं टाकली, कोणी उदबत्ती लावली, कोणी हळद-कुंकू. एकाने खारीच्या पत्र्यावरच गुलाल उधळला. मॅडम "अहो, मागे व्हा!" म्हणत होत्या, त्यांच्याही कपाळाला कुंकू लागलं.

"भागीरथे," पार्वताबाई कलशाला म्हणाली, "माया मिक्सरचं भांडं तुयाकडंच आहे ना वं?"

नारळ डुलला.

"पाहा! हो म्हणते!"

देवमनला सगळं ठाऊक होतं. त्यानेच तर ओतलं होतं! तरी तो गर्दीतून पुढे सरकला. धुरात पानं हलत होती. त्यालाही एक विचारायचं होतं. त्याने तोंड उघडलं, "भागीरथे, तू..."

नारळ घसरला, फळीवर आपटला आणि गडगडत मॅडमच्या बुटापाशी गेला. मागून पांढरं, फसफसतं खमीर कलशाच्या गळ्यावरून खाली ओघळलं.

मॅडमनी वाकून वास घेतला. "काका, हे खमीर आहे."

"हो जी."

"आंबट पदार्थ, बिनकल्हईच्या पितळेत?" त्या लिहू लागल्या. "आणि आत पंचवीस माणसं. टोपी एकाच्याच डोक्यावर. माझ्या!"

"काहून लपवलं पण?"

हे पार्वताबाईने विचारलं. देवमनने खरं सांगितलं, भागीरथेचं खमीर, तारीख माहीत नाही, फेकाले लावतीन म्हणून. सांगताना तो खाली पाहत होता.

मॅडमचा पेन थांबला. मग त्या म्हणाल्या, "कलशातलं फेकावंच लागेल. विषबाधा होईल, काका. बरणी कुठे आहे?"

सगळ्यांनी मोरीकडे पाहिलं. प्रणालीच्या एका हातात बरणी, दुसऱ्या हातात नळ!

"थांब वं!" गल्ली एका आवाजात ओरडली.

बरणीच्या बुडाशी चमचाभर राहिलं होतं.

"पुरेल," मॅडम म्हणाल्या. "याला मैदा-पाणी द्या. चिठ्ठी लावा. पंधरा दिवसांनी परत येते."

देवमनने मैदा-पाणी दिलं. सगळे पाहत होते, म्हणून तो पुटपुटला, "खा रे बाप्पा."

तिसऱ्या दिवशी खमीर बरणीच्या तोंडाशी आलं. पार्वताबाईचं मिक्सरचं भांडं देवमनच्याच माळ्यावर निघालं. नारळाने सांगितलं म्हणून ती आता रोज बेकरीत एक उदबत्ती लावायला येते, आणि प्रणाली तिला रोज टोपी घालते.

चिठ्ठीवर प्रणालीने नाव लिहिलं आहे. भागीरथेने खमीर पहिल्यांदा कधी लावलं, ती तारीख देवमन सगळ्यांना विचारून आला. नांदगाव खंडेश्वरच्या मेव्हणीलाही फोन केला. ती म्हणाली, "भाऊजी, तुमीच तर होते तिच्यापाशी!"

मॅडम म्हणाल्या होत्या, अंदाजे लिहिली तरी चालेल. उद्या त्या येणार आहेत. तारखेची जागा अजून कोरी आहे.