हार घालताना गिटार

तुमच्या लग्नाची कॅसेट घरात असेल तर लपवून ठेवा. आमचे शेजारी शेषराव येतील आणि चपला काढायच्या आत विचारतील, "वैनी, लग्नात गिटार होती का?" होती म्हणालात की संपलं. कॅसेट नेतील, तिच्यातले नवरा-नवरी, सासू-सासरे, मामा-मावश्या सगळे कापून टाकतील आणि मागे कोपऱ्यात गिटार वाजवणारा मिलिंद तेवढा ठेवतील.

शेषराव म्हणजे नांदेडचे जुने व्हिडिओ शूटिंगवाले. गावभराची लग्नं शूट केली, स्वतःचं तेवढं राहून गेलं. मिलिंद त्यांचा जिवलग दोस्त, लग्नातल्या ऑर्केस्ट्रात गिटारवर. हा बाबा ब्लूज, म्हणजे इंग्रजीतली दुःखाची गाणी, ऐकून ऐकून तयार झालेला. भीमगीत असो की वरातीचं गाणं, मध्येच गिटार अशी रडवायचा की नवरीची आई पाठवणीच्या आधीच डोळे पुसायला लागायची. मागच्या साली तो गेला. तेव्हापासून शेषराव त्याचे व्हिडिओ एका पेनड्राइव्हवर जमा करून राहिले होते, पहिल्या स्मृतिदिनाला लावायला म्हणून. हिमायतनगरपासून चाकूरपर्यंत लोकांची कपाटं उचकून झाली.

राहिली होती माझी कॅसेट. आणि ती मी मेले तरी देणार नव्हते! कारण ऐका. माझ्या लग्नात आम्ही दोघं एकमेकांना हार घालतोय, टाळ्या वाजतायत, आणि या गृहस्थांचा कॅमेरा कुठे? मिलिंदच्या बोटांवर! आमचे हार एकदम गळ्यातच दिसतात. बावीस वर्षं झाली, राग काही गेला नाही.

"लई चुकलं, वैनी," ते रोज म्हणायचे. "पर त्या दिशी त्यो जसा वाजवला, तसा पुन्ना कधी न्हाई वाजवला. मी तरी काय करू?"

"मग माझं लग्न पुन्हा लावा," मी म्हणायचे.

स्मृतिदिन चार दिवसांवर आला, तेव्हा ते पेनड्राइव्ह हातात धरून दारात उभे राहिले. दिली बाई कॅसेट.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बघायला बोलावलं. तीन वाजून गेले होते, तरी त्यांच्या घरात स्वयंपाकाचा पत्ता नव्हता. टीव्हीवर माझं लग्न, पण मी नाही. मिलिंद डोळे मिटून वाजवतोय. खरं सांगते, मी हार विसरले. वाजवणं संपलं. त्यानं घाम पुसला आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "शेष्या, जेवलास का रे?" ऑर्केस्ट्रावाले आणि शूटिंगवाले नेहमी शेवटच्या पंगतीला. कॅमेऱ्यामागून शेषरावांचा तरणा आवाज आला, "न्हाई. तुझ्यासंगंच बसतो."

"परत्येक लग्नात इचारायचा," शेषराव म्हणाले.

आता कोण विचारतंय या माणसाला?

"भाऊ, चला घरी. गरम भाकरी टाकते."

"येतो की, वैनी." त्यांनी रिमोट उचलला आणि व्हिडिओ मागे घेतला. "जरा थांबा. त्याला अजून एकदा इचारू द्या."